पाव, तासिका आणि भरवशाचं माणूस

वॉटरफर्ड हे आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचं जुनं बंदर. १८०२ साली तिथल्या एडमंड राइस या सधन व्यापाऱ्याने एका तबेल्यात गरीब मुलांसाठी शाळा काढली. बायको तरुणपणीच गेली होती, पदरी अपंग मुलगी होती. व्यापारातून अंग काढून घेत त्याने उरलेलं आयुष्य याच कामाला वाहिलं. पुढे ‘माउंट सायन’ ही शाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. तिथे वर्गांच्या जोडीला पाव भाजायची भट्टी होती आणि कपडे शिवायची खोलीही. पोटात अन्न आणि अंगावर धड कपडा नसलेलं मूल पाटीकडे काय बघणार, हे राइसने शाळा बांधतानाच ध्यानात घेतलं होतं.

आज आयर्लंडमध्ये सातशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या कॅथलिक आहेत. शिक्षकांचे पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारचा असतो, संस्था मात्र धर्मसंघांनी उभी केलेली. राइसने स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ या धर्मसंघाच्या शाळा आता ‘एडमंड राइस स्कूल्स ट्रस्ट’ हा न्यास सांभाळतो. पाच धर्मसंघांनी एकत्र येऊन २००७ साली ‘सीस्ट’ हा दुसरा मोठा न्यास स्थापन केला. झगा घातलेला ब्रदर किंवा नन वर्गात शिकवताना आता क्वचितच दिसते. शिकवणारे बहुतेक सगळे संसारी स्त्री-पुरुष असतात.

या शाळा विद्यार्थ्यांच्या आरोग्याची काळजी कशी घेतात हे पाहण्याआधी त्यांचा जुना हिशेब समोर ठेवायला हवा. पाव देणाऱ्या याच परंपरेत मुलांना मारलं गेलं, त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले आणि वर्षानुवर्षं ते दडपले गेले. शाळेतली छडी बंद व्हायला १९८२ साल उजाडलं. मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाच्या मे २००९मध्ये आलेल्या अहवालाने धर्मसंघांच्या औद्योगिक शाळांमधला, म्हणजे निराधार मुलांना ठेवायच्या संस्थांमधला, छळ देशासमोर मांडला. त्यात ख्रिश्चन ब्रदर्सच्या संस्थाही होत्या. सप्टेंबर २०२४च्या सरकारी अहवालात तर साध्या दिवसाच्या आणि वसतिगृहाच्या शाळांविषयी लैंगिक अत्याचाराच्या २,३९५ तक्रारींची नोंद आहे, आणि त्या ३०८ शाळांमधल्या आहेत. मुलांवर माया असल्याचा नुसता दावा पुरत नाही, त्यावर बाहेरून कुणाची तरी नजर लागते, हे या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलं.

ती नजर कायद्यातून आली. १९९८च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांच्या नैतिक, आत्मिक, सामाजिक आणि वैयक्तिक विकासाची, तसंच आरोग्यशिक्षणाची जबाबदारी प्रत्येक शाळेवर टाकली. त्यानंतरचं मोठं पाऊल २०१७ साली पडलं. बारा ते पंधरा वयाच्या मुलांचा तीन वर्षांचा जो टप्पा आहे, त्याच्या वेळापत्रकात ‘वेलबीइंग’ला, म्हणजे सर्वांगीण स्वास्थ्याला, स्वतःची जागा मिळाली. सुरुवात ३०० तासांनी झाली आणि उद्दिष्ट ठरलं ४०० तासांचं. त्यातले १३५ तास शारीरिक शिक्षणाचे. आरोग्य आणि नागरिकशास्त्र यांना प्रत्येकी ७०. बाकीचे तास कसे वापरायचे हे शाळेने ठरवायचं.

तास मोजून मुलं सुखी होत नाहीत, हा आक्षेप कुणीही घेईल. पण शाळेत ज्याला तासिका नाही त्याला जागाच नाही, हे आपल्याकडच्या पालकांना वेगळं सांगायला नको. जानेवारी उजाडला की दहावीच्या वर्गाचा पी.टी.चा तास गणिताच्या घशात जातो. तो तास नियमानेच बांधून ठेवला तर मुख्याध्यापकालाही तो सहजासहजी खाता येत नाही.

तरीही खरं काम तासिकेबाहेरच चालतं, आणि ते माणसांवर उभं आहे. प्रत्येक वर्गाला वर्गशिक्षक असतो आणि त्याच्यावर पूर्ण इयत्तेचा एक ‘इयर हेड’. हा इयर हेड शक्यतो मुलांबरोबरच वरच्या इयत्तेत सरकतो, त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे त्याला ठाऊक असतं. हे इयर हेड, समुपदेशक, विशेष गरजांच्या मुलांचे शिक्षक आणि उपमुख्याध्यापक यांची ‘केअर टीम’ नियमितपणे बसते. एखादा मुलगा सलग सोमवारी गैरहजर राहतो, एखादी मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच बसते, कुणाचे गुण अचानक घसरतात, अशी नावं तिथे चर्चेला येतात. कोण बोलणार, केव्हा बोलणार, घरी कळवायचं का, हे तिथेच ठरतं. शाळेच्या आवाक्याबाहेरचं प्रकरण १९९९पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय शालेय मानसशास्त्र सेवेकडे किंवा आरोग्य यंत्रणेकडे जातं.

गरीब वस्त्यांमधल्या शाळांना आणखी एक माणूस मिळतो, आणि या सगळ्या रचनेतली सर्वांत दाद देण्याजोगी गोष्ट तीच वाटते. १९९०पासून अशा शाळांमधल्या एका शिक्षकाला वर्गातून पूर्ण मोकळं करून घरोघरी जायला लावतात. त्याने मुलांना शिकवायचं नाही, पालकांच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचा, त्यांचं ऐकायचं, शाळेची भीती घालवायची. त्यातल्या कितीतरी आयांनी स्वतःची शाळा अर्ध्यावर सोडलेली असते. मुलाच्या शाळेचं दार त्यांना आपलं वाटत नाही. मूल शाळेत टिकवायचं तर आधी आईला तिथे बसायला खुर्ची द्यायला हवी, हा विचार सरकारी योजनेत उतरला आणि तीन दशकांहून जास्त काळ टिकला.

अशा माणसाची गरज आकड्यांतूनही दिसते. ‘जिगसॉ’ ही युवा मानसिक आरोग्य संस्था आणि डब्लिनचं युनिव्हर्सिटी कॉलेज यांनी ‘माय वर्ल्ड सर्व्हे’ दोनदा केला. २०१२च्या पाहणीत किशोरवयीन मुलांपैकी ११ टक्क्यांमध्ये तीव्र चिंता आढळली होती. २०१९मध्ये तेच प्रमाण २२ टक्क्यांवर गेलं. गरजेच्या वेळी धावून येणारं एक तरी मोठं माणूस ज्या मुलाच्या आयुष्यात आहे ते मूल संकटात जास्त तग धरतं, हेही या पाहण्यांनी ठळकपणे मांडलं. घरी ते माणूस नसेल तर ते शाळेतच सापडायला हवं.

आणि नेमक्या अशा माणसाच्या वेळेवर सरकारने कात्री चालवली. आर्थिक मंदीच्या काळात, २०१२च्या अर्थसंकल्पात, समुपदेशकांचे स्वतंत्र तास काढून घेतले गेले. जी व्यक्ती दार बंद करून मुलांशी बोलायची ती पुन्हा फळ्यासमोर उभी राहिली. २०१६नंतर हे तास हळूहळू परत मिळू लागले. मधल्या वर्षांत शाळेतून गेलेल्या मुलांना त्याचा काही उपयोग नव्हता. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने मोबाइल बंद करून ठेवायच्या पिशव्यांसाठी ९० लाख युरो जाहीर केले, तेव्हा एवढ्या पैशात किती समुपदेशक आले असते, असा सवाल देशभर झाला. तो रास्तच होता.

कॅथलिक असण्याने यात काय भर पडते? एक गोष्ट ठामपणे सांगता येते: या शाळांना दुःखाशी वागण्याची रीत माहीत आहे. नोव्हेंबर हा कॅथलिक परंपरेत मृतांच्या स्मरणाचा महिना. शाळेच्या प्रार्थनेत वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. आजी गेलेल्या मुलाला आपलं दुःख चारचौघांत ठेवायला एक जागा मिळते. एखादा विद्यार्थी अपघातात किंवा आत्महत्येने गेला तर मानसशास्त्र सेवेच्या सूचनांनुसार आपत्ती पथक काम सुरू करतं. शाळेच्या चॅपलचं दार तेव्हा त्याच्या जोडीने उघडं असतं. श्रद्धा नसलेली मुलंही तिथे येऊन बसतात.

दुसरी गोष्ट अवघड आहे. तोच १९९८चा कायदा सांगतो की आरोग्यशिक्षण पालकांशी बोलून आणि शाळेचा विशिष्ट पिंड लक्षात घेऊन द्यावं. लैंगिक शिक्षण आलं की हा पिंड किती ताणायचा यावर वाद पेटतो. २०२३मध्ये आलेल्या नव्या आरोग्य अभ्यासक्रमात संमती, ऑनलाइन अश्लीलता, निकोप नाती हे विषय आहेत. काही पालकांनी विरोध केला, अनेक शिक्षकांनी प्रशिक्षण मागितलं. या शाळांचा गेल्या शतकातला इतिहास पाहता मौनाने मुलांचं रक्षण होतं असं आता कुणी म्हणू नये.

एका लशीच्या गोष्टीत हे सगळे धागे एकत्र येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस आयर्लंडमध्ये २०१०पासून माध्यमिक शाळांतल्या मुलींना दिली जाते. आरोग्य खात्याचं पथक येतं, शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, पालकांच्या सहीचे फॉर्म तपासले जातात. सुरुवातीला प्रतिसाद ८० टक्क्यांच्या वर होता. मग लशीबद्दल अफवा पसरल्या आणि २०१६-१७मध्ये तो ५१ टक्क्यांपर्यंत कोसळला. २०१७मध्ये वॉटरफर्ड आणि लिस्मोर धर्मप्रांताच्या बिशपांनीही लशीविषयी शंका घेणारं विधान केलं. टीका झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी माफी मागितली.

चित्र पालटायला मोठा हातभार लावला तो क्लेअर परगण्यातल्या एनिस गावच्या लॉरा ब्रेननने. चोविसाव्या वर्षी तिला हाच कर्करोग झाल्याचं कळलं. लस आली तेव्हा ती शाळकरी वयाच्या पुढे गेली होती. आजार बरा होणार नाही हे समजल्यावर तिने स्वतःहून आरोग्य खात्याशी संपर्क साधला, कॅमेऱ्यासमोर बसली आणि आयांना सांगितलं की मुलींना लस द्या. मार्च २०१९मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती गेली. तोवर लस घेणाऱ्या मुलींची संख्या पुन्हा झपाट्याने वाढू लागली होती, आणि त्याच वर्षापासून मुलग्यांनाही लस सुरू झाली. डिसेंबर २०२२मध्ये राहून गेलेल्यांसाठी जी मोफत मोहीम निघाली तिला लॉराचंच नाव दिलं गेलं. २०४०पर्यंत हा कर्करोग देशातून हटवायचं उद्दिष्ट आयर्लंडने जाहीर केलं आहे. आता माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातली मुलं-मुली, बारा-तेरा वर्षांची, सभागृहाबाहेर एकाच रांगेत बाही वर करून उभी राहतात.