हिटलरच्या पदरचा उमराव

हिटलर लोकांनीच निवडून दिला, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षाला २३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या १९६ वर आल्या. पक्ष सर्वांत मोठा होता, पण बहुमत जवळपासही नव्हतं आणि ओहोटी लागलेली दिसत होती. अशा वेळी हिटलरला चॅन्सेलरच्या खुर्चीवर नेऊन बसवलं ते जुन्या वळणाच्या मूठभर पुराणमतवादी पुढाऱ्यांनी. त्यात सर्वांत मोठा वाटा फ्रांझ फॉन पापेन यांचा. आधी स्वतः चॅन्सेलर, मग हिटलरचे उपचॅन्सेलर आणि शेवटी त्याचे राजदूत असलेल्या या माणसाचं आयुष्य नीट पाहिलं, तर हुकूमशाही कुणाच्या मदतीने उभी राहते, हे फार स्पष्ट दिसतं.

पापेन १८७९ साली वेस्टफालियातल्या वेर्ल गावी एका कॅथलिक उमराव घराण्यात जन्मले. घोडदळात अधिकारी झाले. सासर सारलँडमधल्या चिनीमातीच्या बड्या कारखानदारांचं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते वॉशिंग्टनमध्ये जर्मनीचे लष्करी प्रतिनिधी होते आणि तिथे त्यांचा संबंध थेट आपल्या गदर चळवळीशी आला. हिंदुस्थानातल्या उठावासाठी अमेरिकेत शस्त्रं विकत घेण्याचा व्यवहार त्यांच्याच देखरेखीखाली झाला. ‘ॲनी लार्सन’ या जहाजावर चढवलेली ती शस्त्रं इकडे कधी पोचलीच नाहीत. १९१५ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती पडली. त्याच वर्षी याच चळवळीतले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. अमेरिकेने हकालपट्टी केल्यावर पापेन मायदेशी निघाले, तेव्हा इंग्रजांनी वाटेत त्यांचं सामान तपासलं. त्यात हस्तकांना दिलेल्या पैशांच्या चेकची अर्धुकं जशीच्या तशी सापडली. कारस्थानाची हौस दांडगी आणि सावधपणा बेताचा, हा स्वभाव पुढेही सुटला नाही.

१ जून १९३२ रोजी ते चॅन्सेलर झाले तेव्हा त्यांच्यामागे संसदेतला कोणताच मोठा पक्ष नव्हता. तरीही हे शक्य झालं, कारण राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षांना आणीबाणीचे वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला होता. वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांची मर्जी असली की सरकार चालत असे. हा मार्ग दाखवला होता लष्करी वर्तुळातल्या जनरल श्लायशर यांनी. मंत्रिमंडळात इतके उमराव होते की लोक त्याला ‘सरदारांचं मंत्रिमंडळ’ म्हणू लागले.

पापेन यांना हिटलरने फसवलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. हिटलर येण्याआधीच्या त्या सहा महिन्यांत त्यांनी स्वतःच्या हाताने काय केलं, ते आधी पाहावं लागतं. नाझींच्या तपकिरी गणवेशातल्या दलावरची बंदी त्यांनी उठवली. २० जुलै १९३२ रोजी वटहुकमाच्या जोरावर प्रशियाचं समाजवादी नेतृत्वाखालचं सरकार बरखास्त केलं. प्रशिया म्हणजे जर्मनीचा निम्म्याहून मोठा भाग आणि देशातलं सर्वांत मोठं पोलीसदल. पुढे सहा महिन्यांनी नाझी नेता गोअरिंग तिथे आला, तेव्हा ते पोलीसदल केंद्राच्या ताब्यात आयतं तयार होतं. संसद, पक्ष, कामगार संघटना यांच्याबद्दल पापेन यांच्या मनात खोल तिटकारा होता. लोकशाहीचा कणा मोडायचं काम त्यांनी स्वखुशीने, आपल्या वर्गाच्या भल्यासाठी केलं.

सप्टेंबरमध्ये संसदेने ५१२ विरुद्ध ४२ मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. नोव्हेंबरात ते गेले, श्लायशर चॅन्सेलर झाले. अपमान झोंबलेल्या पापेन यांनी ४ जानेवारी १९३३ ला कोलोन इथे बँकर श्र्योडर यांच्या घरी हिटलरची गुपचूप भेट घेतली. हिटलरला नेमायला नाखूश असलेल्या हिंडेनबुर्गना मग त्यांनीच राजी केलं. ३० जानेवारीच्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन होते, बाकीचे पुराणमतवादी. दोन महिन्यांत या माणसाला कोपऱ्यात दाबून टाकू, अशी खात्री पापेन आपल्या मित्रांना देत होते. दोन महिन्यांच्या आत संसदभवनाची आग, नागरी हक्क गोठवणारा वटहुकूम आणि हिटलरला कायदे करण्याचा मुक्त अधिकार देणारा कायदा, हे सगळं उरकलं होतं. जुलैत पापेन यांनी रोमला जाऊन पोपशी करारही घडवून आणला. हिटलरला नेमकं हेच हवं होतं. कॅथलिकांत आणि परदेशांत त्याच्याजवळ जी पत नव्हती, ती पापेन यांच्या घराण्याच्या नावाने त्याला मिळाली.

त्यांच्या कार्यालयातली तरुण माणसं मात्र वेगळी होती. एडगार युंग आणि हर्बर्ट फॉन बोझे हेही पुराणमतवादीच, युंगला लोकशाहीबद्दल मुळीच प्रेम नव्हतं. पण आपण काय उभं केलं आहे, हे त्यांना वेळेत कळलं. युंगने एक भाषण लिहिलं आणि १७ जून १९३४ रोजी पापेन यांनी ते मारबुर्ग विद्यापीठात वाचून दाखवलं. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी, दहशत, व्यक्तिपूजा, यांवर त्यात उघड टीका होती. सत्तेत बसलेल्या माणसाने भर सभेत असं बोलणं ही राजवटीतली अपूर्व गोष्ट होती. प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण नभोवाणीवर येऊ दिलं नाही. पापेन यांनी राजीनामा देऊ केला. आपण दोघं मिळून हिंडेनबुर्गना भेटू, तोवर थांबा, असं हिटलरने सांगितलं आणि पापेन थांबले. मला त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत दुःखद क्षण वाटतो. त्यांनी त्याच दिवशी एकट्याने राष्ट्राध्यक्षांचं दार गाठलं असतं तर इतिहास बदललाच असता, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी त्यांच्या भरवशावर जीव धोक्यात घातला होता, त्यांच्यासाठी तेवढं करणं त्यांचं कर्तव्य होतं.

२५ जूनला युंगला अटक झाली. ३० जूनला नाझींच्या एसएस दलाची माणसं उपचॅन्सेलरच्या कार्यालयात शिरली आणि त्यांनी बोझेला तिथेच गोळ्या घातल्या. युंगलाही मारलं. हिटलरच्या त्याच हत्यासत्रात कॅथलिक पुढारी एरिख क्लाउझेनर आणि सपत्नीक श्लायशर यांचाही बळी गेला. पापेन स्वतःच्या घरात नजरकैदेत होते. सुटल्यावर त्यांनी पत्रांतून बोझेच्या मृत्यूची चौकशी मागितली, पण त्याच पत्रव्यवहारात हिटलरबद्दलची निष्ठा आणि कौतुकही व्यक्त केलं. चार आठवडेही लोटले नव्हते, तोच ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर डॉलफुस यांची नाझींनी हत्या केली आणि संबंधांच्या डागडुजीसाठी व्हिएन्नाला जाण्याची हिटलरची कामगिरी पापेन यांनी स्वीकारली.

तिथे चार वर्षं गोड बोलून त्यांनी ऑस्ट्रियाला सैल केलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथले चॅन्सेलर शुशनिग यांना हिटलरसमोर उभं करण्याची भेट त्यांनीच जुळवली आणि महिन्याभरात जर्मन फौजा व्हिएन्नात होत्या. त्या गडबडीत त्यांचा सहायक विल्हेल्म फॉन केटलर नाहीसा झाला. काही आठवड्यांनी त्याचं प्रेत डॅन्यूब नदीत सापडलं. तरीही १९३९ मध्ये पापेन राजदूत म्हणून अंकाराला गेले आणि तुर्कस्तानने १९४४ मध्ये संबंध तोडेपर्यंत तिथे राहिले.

न्यूरेंबर्गच्या खटल्यात ब्रिटिश वकील मॅक्सवेल फाइफ यांनी त्यांना याच मुद्द्यावर धरलं. तुमची जवळची माणसं एकामागून एक मारली गेली, तरी तुम्ही त्या माणसाची चाकरी का करत राहिलात? पापेन यांनी देशाप्रति असलेल्या कर्तव्याचा हवाला दिला. १ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. ऑस्ट्रिया गिळंकृत करण्यासाठी त्यांनी कारस्थानं आणि दमदाटी केली, हे निकालपत्रात मान्य केलं होतं. मात्र राजकीय नीतिमत्तेविरुद्धचं असं वर्तन कितीही वाईट असलं, तरी या न्यायालयाच्या सनदेनुसार तो गुन्हा ठरत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. पुढे जर्मन न्यायालयाने त्यांना आठ वर्षं सक्तमजुरीची शिक्षा दिली, पण अपिलात ते १९४९ मध्येच सुटले, त्यांनी आठवणी लिहिल्या आणि १९६९ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले. युंगचं वय हत्येच्या वेळी चाळीस होतं, बोझेचं एक्केचाळीस.