दोनशे टक्के मार्जिन

१९९१च्या एप्रिलात मी मुंबईच्या फोर्टातल्या एका बँकेत एलसीच्या, म्हणजे आयातदारांच्या पतपत्रांच्या टेबलावर बसायचो. रिझर्व्ह बँकेचा हुकूम आला: आयातीची एलसी उघडायची तर २०० टक्के रोख मार्जिन घ्या. लाखाचा माल मागवायला आधी दोन लाख भरा! आधीच्या ऑक्टोबरात हेच मार्जिन ५० टक्के होतं. मस्जिद बंदरचे एक केमिकलवाले शेठ हसलेच. "साहेब, सरळ म्हणा ना, मागवूच नका." खरं होतं त्यांचं. देशाच्या तिजोरीत डॉलरच उरले नव्हते.

जुलैत सुमारे ४७ टन सोनं गहाण पडलं, तीन दिवसांत दोनदा रुपया उतरवला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज आलं. युनियनच्या गेट मीटिंगला 'देश विकला' अशी भाषणं झाली. टाळ्या मीही वाजवल्या.

आज तशा वाजवणार नाही. निधी पैसे हप्त्याहप्त्याने सोडतो आणि दर वेळी विचारतो, तूट किती कमी केली? ती कोणाच्या ताटातून कमी करायची, यावर मात्र घरात भांडता येतं. अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी खतांचे भाव ४० टक्के वाढवले तेव्हा काँग्रेसचेच खासदार उठले. वाढ ३० टक्क्यांवर आली, लहान शेतकरी वगळले गेले. ते कर्ज आपण २०००पर्यंत फेडूनही टाकलं.

श्रीलंकेचं तसं नाही. २०२३च्या मार्चमध्ये मंजूर झालेला सुमारे तीन अब्ज डॉलरचा नाणेनिधीचा कार्यक्रम त्यांचा सतरावा. आमच्याकडे एखादं खातं सतराव्यांदा मुदतवाढ मागायला आलं असतं, तर आधी मागच्या सोळा मंजुऱ्यांवर सह्या कोणाच्या, ते बघितलं असतं. उपयोग झाला नाही असं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये ७० टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई वर्षभरात एक आकडी झाली, पेट्रोलच्या रांगा संपल्या. पण २०१९च्या अखेरीस सरकारने १५वरून ८ टक्क्यांवर आणलेला व्हॅट २०२४मध्ये १८ झाला, आणि तो भातावर जगणाऱ्यालाही भरावा लागतो.

मला पेन्शनर म्हणून खुपलं ते वेगळंच. श्रीलंकेने देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना बँकांच्या सरकारी रोख्यांना हात लावला नाही. त्या बुडतील ही भीती. कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाला मात्र सांगितलं, जुने रोखे द्या आणि पुढे ९ टक्क्यांवर उतरणारे नवे घ्या, नाहीतर कर १४ऐवजी ३० टक्के. फंडाने घेतले.