‘आदिपुराण’ नांवाची ख्रिस्ती पोथी

इस्लापूर-नांदेडकडील एखाद्या दप्तरांत ‘आदिपुराण’ असें नांव घातलेली पोथी निघाली, तर संग्राहक ती बहुधा जैनांची म्हणून बाजूस ठेवील. जिनसेनाचार्यांचा त्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध असल्यानें हें साहजिकच आहे. परंतु लंडन येथील मार्स्डेन-संग्रहांत ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ अशा ज्या दोन नागरी पोथ्या आहेत, त्या फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाचे दोन भाग होत. जस्टिन अॅबट यांनीं १९२३ सालीं ही गोष्ट उजेडांत आणली.

पुराण रचण्याचें कारण ग्रंथारंभींच दिलें आहे. साष्टींत रविवारीं मुलांना दौत्रिना, म्हणजे धर्माचीं मूलतत्त्वें, शिकविलीं जात असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रीस विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें वर्ज्य झालीं, त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें काय? (त्या पुराणांच्या पोथ्यांचें काय झालें, हें आठवून कोणाही संग्राहकास हळहळ वाटेल.) प्रश्न मार्मिक होता. स्टीफन्स यांची दौत्रिना गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तररूपानें लिहिलेली असून ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापली गेली. तिनें प्रार्थना व आज्ञा मुखोद्गत होत; पण पाठ झालेलें तें मुरलेंच असें नव्हे. प्रौढ श्रोत्याची श्रद्धा कथाश्रवणानें वाढते, हें आमच्याकडील पुराणिकांस ठाऊकच होतें. पैठणच्या एकनाथांचें भागवत १५७३ सालीं पुरें झालें तें याच परंपरेंत. स्टीफन्स यांनीं तीच ओवी घेतली आणि जगदुत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा सुमारें ११,००० ओव्यांत सांगितली. दौत्रिना हा पाया. पुराण हें त्यावरील बांधकाम.

ग्रंथ १६१६ सालीं छापला गेला तो रोमी लिपींत. स्वतः स्टीफन्स यांना देशी लिपीचे ठसे हवे होते. १६०८ च्या पत्रांत त्यांनीं तशी इच्छा कळविली, आणि त्यास सुमारें ६०० सांचे लागतील अशी अडचणही सांगितली. रोमी पाठांत धर्मविषयक शब्द पुष्कळ ठिकाणीं पोर्तुगीज आहेत, तर नागरी पोथींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द येतात. अॅबट यांनीं नागरी पाठच मूळ मानला. केवळ लिपीवरून एवढें ठरविणें मला धाडसाचें वाटतें. त्यास अधिक प्रती हव्यात.

१६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत उरलेली नाहीं. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांवर, आणि सालढाणा यांची १९०७ ची मंगळूर-आवृत्ति अशाच नकलांवरून सिद्ध झाली. तेव्हां वेष्टनावरील नांवावर न जातां आंतील पानें चाळावीं. ऋषभदेवांच्या जागीं आदामाची कथा आढळली, तर ती पोथी पुन्हा बांधून ठेवूं नये.