एक्स्प्लेनर : हॉलिवूडच्या २१ वर्षे आधी मराठी पडद्यावर ‘स्त्रीराज्य’, नेमकी काय होती कथा?

परग्रहावर फक्त स्त्रियांचे राज्य आणि तिथे यानातून पोहोचलेले पुरुष. १९५०च्या दशकात कमी बजेटच्या अमेरिकी सिनेमांनी ही कथा अनेकदा वापरली. ‘कॅट-विमेन ऑफ द मून’ (१९५३) चंद्रावर घडतो, तर ‘क्वीन ऑफ आउटर स्पेस’ (१९५८) शुक्रावर. या दुसऱ्या सिनेमात तर ‘फॉरबिडन प्लॅनेट’चेच गणवेश पुन्हा वापरले होते.

मराठीत काय होते?
‘प्रभात’चा ‘माया मच्छिंद्र’ १९३२ मध्ये आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. स्त्रीराज्याची राणी दुर्गा खोटे, मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंबे. इथे यान नाही; नाथपंथाची कथा आहे. गुरूला सोडवायला गोरखनाथ येतो आणि अखेर सगळे माया ठरते.

साम्य कुठे?
शुक्रावर पुरुषांना हद्दपार करणारी राणी शेवटी मरते, इथे राज्यच भास निघते. स्त्रियांची सत्ता दोन्हीकडे दिमाखात दिसते, पण टिकत नाही.

मग वेगळे काय?
घरंदाज स्त्रियांनी सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. तरीही दुर्गाबाई आल्या आणि टिकल्या. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.