सासूबाईंना घेऊन शोरूममध्ये

"गाडी कोण चालवत होतं?"

अपघाताचं कळल्यावर फोन करणाऱ्या दहापैकी आठ जणांचा हा पहिला प्रश्न. कुणाला किती लागलंय, हा दुसरा. "ही चालवत होती," असं ह्यांनी सांगितलं, की पलीकडून एक लांबलचक "अच्छाऽऽ" यायचं. त्या 'अच्छा'त सगळं आलं!

गोष्ट फेब्रुवारी २०२५ मधली. विट्याला मावसबहिणीच्या लेकीचं केळवण उरकून आम्ही कराडला परत निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी नववीतली लेक, मागे सासूबाई. दिवस मावळलेला, पण अंधार पडला नव्हता, अशी ती मधली वेळ. ऊसतोडीचा हंगाम. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय आणि मागे ना दिवा ना लाल पट्टी. दिसला तेव्हा फार जवळ आला होता. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली आणि आम्ही मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळलो.

लेकीनं आणि मी पट्टा लावला होता. छातीवर निळा वळ, अवघडलेली मान, एवढ्यावर भागलं. सासूबाईंनी लावला नव्हता. त्या पुढच्या सीटवर आपटल्या आणि डाव्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं. "मागं बसल्यावर कशाला गं पट्टा?" असं त्या नेहमी म्हणायच्या आणि मीही नेहमी "बरं" म्हणून गाडी सुरू करायची. ते 'बरं' पुढं कित्येक रात्री मला झोपू देईना.

गाडी २०१३ सालची, छोटीशी, लाल. तिला ना एअरबॅग होती ना एबीएस. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, गॅरेजवाल्यानं दुरुस्तीचा आकडा काढला १ लाख ४० हजार. पॉलिसीवर गाडीची किंमत होती १ लाख ६० हजार. ह्या किमतीला 'आयडीव्ही' म्हणतात. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी दुरुस्तीला पैसे देत नाही, गाडी 'टोटल लॉस' धरते आणि आयडीव्हीची रक्कम देते. आम्हाला त्यातून सक्तीचे हजार रुपये वजा होऊन मिळाले. दरवर्षी हप्ता थोडा कमी बसावा म्हणून आयडीव्ही कमी लावून घ्यायची सवय आपल्याकडे पुष्कळ आहे. आमच्याकडेही होती. वाचवलेले पाच-सातशे रुपये कुठं गेले ते त्या दिवशी कळलं!

आणखी एक. इतकी वर्षं क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात ५० टक्के सूट होती, 'नो क्लेम बोनस'. तो ह्या क्लेमबरोबर गेला. पण मैत्रिणींनो, क्लेम न करता जुनी गाडी नुसती विकलीत, तर हा बोनस गाडीबरोबर जात नाही. तो मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्याला लावायचा. जुनी गाडी शोरूममध्ये देऊन नवी घेताना हे पत्र मागायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

पुढचे आठ महिने आम्ही बिनगाडीचे. मी स्कूटी चालवत होते, पण चारचाकीचं नाव काढलं की हाताला घाम सुटायचा. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा, गावी जायचं तर एसटी किंवा वडाप. वडापमध्ये एकदा त्यांना चौघींच्या मध्ये कोंबून बसवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण घरी येऊन पंख्याखाली बराच वेळ डोळे मिटून बसल्या. त्या दिवशी ठरलं, गाडी घ्यायची.

कुठली घ्यायची, यावर मात्र सगळ्या भावकीला मत होतं. ह्यांचं म्हणणं, "आता घ्यायची ती मोठीच. उंच, दणकट. पुढच्याला धाक बसला पाहिजे." दिरांनी सात सीटची सुचवली. भाचा म्हणाला, "मामी, इलेक्ट्रिक घ्या." (त्याला नंतर विचारलं, आमची गाडी रात्री बोळाच्या तोंडाशी उभी असते, तिथवर वायर कोण ओढणार? तो गप्प!) आणि जवळजवळ सगळ्यांच्या बोलण्यात एक न बोललेलं वाक्य होतं: चालवणार तर हेच.

मला मोठ्या गाडीबद्दल काही वाकडं नाही. पण मला २०२२ चा सप्टेंबर आठवत होता. पालघर जिल्ह्यात अहमदाबाद-मुंबई रस्त्यावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी मोठी, महागडी, भरपूर एअरबॅगवाली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे गेले आणि त्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात पुढं आलं. मागं पट्टा लावायचा कायदा आधीपासूनच आहे, न लावल्यास हजार रुपये दंड. पण आपण तो पोलिसासाठी लावतो आणि पोलीस तर मागं बघत नाही.

मग मी एक वही घेतली आणि आठवडाभर लिहून काढलं, की ह्या घरात गाडीत नेमकं कोण बसतं, कुठं जातं. लेकीचा क्लास. सासूबाईंचा दवाखाना. महिन्यातून दोनदा गाव. दिवाळीत नणंदबाई आल्या तर पाचवं माणूस. सात माणसं वर्षातून किती वेळा? तर एकदा, जेजुरीला जाताना. त्या एका दिवसासाठी वर्षभर मोठ्या गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा त्या दिवशी भाड्यानं गाडी करावी, हे ह्यांनाही पटलं. आमच्या बोळात मोठी गाडी वळवायला तीनदा मागंपुढं करावं लागलं असतं, हे मी मुद्दामच शेवटी सांगितलं.

आधी सेकंडहँड बघितल्या. त्यातलं जे शिकले ते सांगते, कारण आपल्याकडं बहुतेक घरांत पहिली गाडी जुनीच येते. एक म्हणजे सालाकडं लक्ष द्या. ड्रायव्हरसमोर एअरबॅग आणि एबीएस १ जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांना सक्तीचे आहेत. शेजारच्या सीटलाही एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना २०२२ च्या सुरुवातीपासून. म्हणजे वीस-तीस हजारांसाठी २०१८ ची घेतली तर बरंच काही हातचं सुटतं. दुसरं, पूर. २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापूर आणि आमच्या कराडनंही काय पाणी बघितलं ते सांगायला नको. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून बाजारात येतात. ओळखायची एक सोपी खूण आमच्या मिस्त्रीनं दाखवली. सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा भाग स्वच्छ करतात, आतला कुणी धूत नाही. तिथं मातीचा डाग किंवा कुबट वास आला, की नमस्कार करून निघायचं. आम्ही बघितलेल्या चारांपैकी एकीचा पट्टा असा निघाला. गाडी मात्र आरशासारखी चकचकीत!

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा एक टक्का सेसही गेला. आकडेमोड पुन्हा केली आणि जमतंय असं दिसल्यावर नवीच घ्यायचं ठरलं.

शोरूमला सासूबाईंना घेऊन गेले. नऊवारीत, हातात काठी. सेल्समन पोरगा चांगला होता, पण त्याचं सगळं बोलणं ह्यांच्याशी. "सर, सनरूफ बघा. सर, टचस्क्रीन." मी म्हटलं, "दादा, आधी मागचं दार उघडा."

पहिली गाडी उंच. सासूबाईंना पाय वर घेऊन चढताच येईना. दुसरी लांबट, डिकीवाली, दिसायला देखणी. त्यात त्या बसल्या, म्हणजे धप्पकन खाली गेल्या आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागला. तिसरी बुटकी नाही, उंचही नाही, छप्पर मात्र उंच. तिची सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या पातळीला. त्या नुसत्या टेकल्या आणि वळून पाय आत घेतले. "ही बरी आहे गं, खाटेवर बसल्यासारखं वाटतं." गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडी कशी आहे हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. माणूसच घेऊन जावं लागतं.

मग पट्टा. हाड मोडलं होतं डावीकडचं, भरलंय, पण त्या जागेवर दाब नको वाटतो. मागच्या डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, उजव्या सीटचा उजव्या. म्हणून त्यांना ड्रायव्हरच्या मागे बसवलं. कुलपाची जागा त्यांच्या हाताला सापडते का, स्वतः काढता येतो का, चारचारदा करून बघितलं. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. नऊवारीच्या निऱ्यांमुळं तो वर सरकतो, म्हणून आधी निऱ्या सारख्या करायच्या. सेल्समन पोरगा आता माझ्याशी बोलायला लागला होता. मागं मध्ये बसणाऱ्यालाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हेही विचारा. काही गाड्यांत मधल्याला नुसता कमरेचा असतो आणि आपल्या घरात मध्ये कोण बसतं? बारकं पोर नाहीतर आपणच!

सुरक्षेच्या ताऱ्यांचंही विचारलं. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली चाचणी सुरू आहे. गाडी समोरून आणि बाजूनं आदळवून बघतात, मोठ्यांसाठी वेगळे तारे आणि मुलांसाठी वेगळे. कंपन्यांना ती सक्तीची नाही, म्हणून प्रत्येक गाडीचे तारे मिळतीलच असं नाही. मिळाले तर दोन्ही बघा. पण एक लक्षात घ्या, चाचणीतल्या त्या बाहुल्यांना पट्टा बांधलेला असतो. तारे पट्टा लावणाऱ्यांसाठी आहेत. एअरबॅगचंही तेच.

सनरूफचे पैसे वाचवून आम्ही सहा एअरबॅगवालं, मागचा पट्टा लावला नाही तर टुंईटुंई वाजणारं मॉडेल घेतलं. सीएनजी नको म्हटलं, कारण टाकीनं अर्धी डिकी खाल्ली असती आणि सासूबाईंचा वॉकर ठेवायला जागा उरली नसती. पेट्रोल महाग पडेल. पडू दे.

कागदं भरताना सेल्समननं सवयीनं ह्यांचं नाव लिहायला घेतलं. इथं मी त्याला थांबवलं. विम्यासोबत मालकाला १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं. पण ते कुणाला? ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडं लायसन्स आहे, त्याला. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, तर तिला ते लागू नाही. बाकीच्यांसाठी वेगळं संरक्षण जादा पैसे भरून घ्यावं लागतं. बारा वर्षं मी ती लाल गाडी चालवली, रोज, आणि हे मला माहीत नव्हतं. त्या कठड्यावर माझं काही बरंवाईट झालं असतं तर...

हे गप्प राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, "हिच्या नावावर करा. चालवणार तीच आहे." भावकीतल्या सगळ्या फोनांचं उत्तर होतं ते. मी डोळे पुसायच्या आत त्यानं माझं आधार कार्ड मागितलं. आम्ही प्रवाशांचं जादा संरक्षणही घेतलं आणि 'झिरो डेप' सुद्धा. नाहीतर प्लास्टिकचे, रबराचे भाग बदलताना निम्मी किंमत आपल्या गळ्यात पडते.

एमएच-५० ची नवी पाटी लागून गाडी दसऱ्याला दारात आली. पण मी चालवली ती तीन आठवड्यांनी. आधी पहाटे रिकाम्या रस्त्यावर, ह्यांना शेजारी बसवून. मग लेकीच्या क्लासपर्यंत. दिवाळीनंतर सासूबाई म्हणाल्या, "विट्याला जाऊन येऊ." मी म्हटलं, "उजेडात जाऊन उजेडात येऊ."

निघताना आरशात बघितलं. त्या निऱ्या सारख्या करत होत्या. मग पट्टा ओढला, पण कुलूप सापडेना. गाडी टुंईटुंई वाजायला लागली. लेक वळून मदत करायला लागली तर तिच्या हातावर चापट मारली, "माझं मी लावते." तिसऱ्यांदा खट् आवाज आला.

"चल आता," त्या म्हणाल्या. "आणि ऊसवाला दिसला तर लांबून हॉर्न मार."