कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व आणि आपले रुग्णालय

सोबतच्या ताळेबंदात कंपन्यांकडून मिळालेल्या रकमा इतर देणग्यांपासून स्वतंत्र दाखविल्या आहेत. असे का, हा प्रश्न अनेक हितचिंतक विचारतात. त्याचा हा खुलासा.

कंपनीचा नफा भागधारकांचा; मग संचालकांनी तो समाजकार्यावर का खर्चावा? हा वाद जुना आहे. हेन्री फोर्ड यांनी विशेष लाभांश थांबवून नफा कारखान्याच्या विस्तारात व मोटारी स्वस्त करण्यात घालावयाचे ठरविले, तेव्हा भागधारक असलेले डॉज बंधू न्यायालयात गेले. १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्तारास मोकळीक दिली. परंतु कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते, असे सांगून लाभांश देण्याचा आदेश कायम ठेवला. १९७० मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी हाच विचार अधिक ठामपणे मांडला.

भारताने निराळा मार्ग स्वीकारला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ ने संचालकांवर भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज व पर्यावरण यांचे हित पाहण्याचे कर्तव्य सोपविले. १ एप्रिल २०१४ पासून अमलात आलेल्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावयाची असते. आरोग्यसेवा हे त्यातील एक मान्य क्षेत्र आहे.

या निधीचे स्वरूप आम्ही अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मार्चअखेरीस डायलिसिस यंत्रे दिली. तंत्रज्ञाचे वेतन व जलशुद्धीकरण यांची तरतूद नसल्याने ती काही महिने पडून राहिली आणि रुग्णांना दूरवर जावे लागले. दोष केवळ देणगीदारांचा नव्हता. आम्हीच प्रस्तावात यंत्रांची किंमत तेवढी मागितली होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील ३ वर्षांत वापरता येते. म्हणून आता आम्ही यंत्राबरोबर त्याच्या चालविण्याच्या खर्चाचाही प्रस्ताव देतो.

दोन पथ्ये आम्ही पाळतो. केवळ देणगीदार कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी खाटा राखण्याची अट आम्ही स्वीकारत नाही. तसा खर्च कायद्यानेही सामाजिक उत्तरदायित्वात धरला जात नाही. तसेच निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा ठेवणे ही धर्मादाय रुग्णालय म्हणून आमची स्वतःची जबाबदारी आहे. ती कंपन्यांच्या निधीवर आम्ही ढकलत नाही.

नफा घटला की हा निधीही घटतो. त्यामुळे नित्याच्या खर्चाचा आधार आजही आपल्यासारख्यांच्या लहान देणग्याच आहेत. मात्र कंपनीचा रुपया अखेर कोणा भागधारकाच्या वाट्याचा असतो, हे आम्ही विसरत नाही. त्याचा लेखापरीक्षित हिशेब स्वतंत्रपणे मांडण्याचे कारण हेच होय.