साडेचार मिलिमीटरचा घोळ

सायकलची चेन पडली की पहिला संशय चेनवरच जातो. ती सैल झाली असेल, झिजली असेल, तिच्यात घाण साचली असेल. मग दुकानात मागचं चाक ओढून चेन घट्ट केली जाते, तेलाचे चार थेंब सोडले जातात आणि आठ दिवसांत हात पुन्हा काळे होतात. अशा सायकलीमागे गुडघे टेकून, एक डोळा मिटून मागच्या फ्रीव्हीलवरून पुढे पाहिलं तर अनेकदा खरा प्रकार दिसतो. चेन सरळ जातच नसते. पुढचं चेनव्हील बाहेरच्या अंगाला आणि मागची चक्री आतल्या अंगाला, किंवा बरोबर उलट. बिचारी चेन दोघांच्या ओढाताणीत तिरपी फिरत असते.

पुढचं चेनव्हील फ्रेमपासून किती दूर राहणार, हे ठरवणारा भाग मात्र बाहेरून दिसत नाही. तो दोन्ही पेडलांच्या मधोमध, फ्रेमच्या तळाशी असलेल्या नळकांड्यात ग्रीस खात बसलेला असतो. दुकानदार त्याला ‘बीबी’ म्हणतात, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. त्यातला एक्सल आणि त्यावर बसणारा क्रँक यांचं जमलं नाही, की चेन कितीही नवी आणली तरी उपयोग नसतो.

फ्रेमचा उभा मध्य धरायचा आणि तिथून चेनव्हीलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. या अंतराला चेनलाइन म्हणतात. ट्रॅकवरच्या, एकाच गिअरच्या शर्यती सायकलींमध्ये ती साधारण ४२ मिलिमीटर ठेवतात. दोन चेनव्हीलच्या रोड सायकलीला ४३.५, तीन चेनव्हीलच्या माउंटन बाइकला ४७.५ किंवा ५०. चेनव्हील दोन असली तर दोघांच्या मधोमध मोजायचं, तीन असली तर मधल्यापर्यंत. मागच्या चाकालाही अशीच स्वतःची चेनलाइन असते. दोन्ही आकडे जुळले की चेन सरळ.

जुन्या काळ्या रोडस्टर सायकली वापरणाऱ्यांना हा हिशेब कधी करावा लागला नाही. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सेफ्टी सायकल आणली, तेव्हापासून चेनने फिरणारं मागचं चाक रूढ झालं. पुढे एक चेनव्हील, मागे एक चक्री, मध्ये अर्ध्या इंचाच्या कड्यांची जाड चेन. भारतात अटलास, हिरो, हर्क्युलिस, बीएसए या नावांनी घरोघर पोचलेली सायकल याच घराण्यातली. तिचा क्रँक एक्सलवर कॉटर पिनने अडकवलेला असतो. एक्सलला एका ठरलेल्या जागी खाच, क्रँकला ठरलेल्या जागी भोक आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली पिन. पिन झिजली तर पेडल दर फेऱ्याला ‘टक्‌’ करून दचकतं, पण क्रँक एक्सलवर आतबाहेर सरकत नाही. कारखान्याने आखून दिलेली रेषा शेवटपर्यंत टिकते.

घोळ सुरू झाला तो कॉटर गेल्यावर. फ्रान्समधल्या स्ट्राँगलाइटसारख्या कंपन्यांनी १९३० च्या दशकात वजनाला हलके, अॅल्युमिनियमचे क्रँक आणले. त्यांच्यात पिन नव्हती. एक्सलची टोकं चौकोनी आणि बाहेरच्या बाजूला निमुळती केलेली. क्रँकच्या भोकालाही तसाच उतार. बोल्ट पिळला की क्रँक एक्सलवर चढत जातो आणि एका जागी पाचरीसारखा घट्ट बसतो. जात्याचा खुंटा ठोकून बसवावा, तसाच हा प्रकार. पुढे शर्यतीच्या सायकलींत हीच पद्धत सर्वमान्य झाली.

पण पाचर नेमकी कुठे अडकेल, हे तिच्या जाडीवर असतं. एक्सलच्या प्रत्येक बाजूचा उतार फक्त २ अंशांचा. गणित मांडलं तर एक्सलवर एक मिलिमीटर पुढे गेल्यावर चौकोनाची जाडी जेमतेम ०.०७ मिलिमीटरने बदलते. म्हणजे जाडीत केसभर फरक पडला, की क्रँकची जागा त्याच्या चौदापट हलते.

आणि असा फरक जगात दोन प्रमाणांच्या रूपाने अधिकृतपणे नांदत होता. जपानी कंपन्या, त्यांत शिमानो आणि सुगिनोसारखी नावं, मुख्यतः जेआयएस या जपानी औद्योगिक प्रमाणाने एक्सल कापत. इटलीतल्या व्हिचेन्झा शहरातली कॅम्पान्योलो आणि तिच्या वाटेने जाणारे युरोपीय कारखानदार आयएसओ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण पाळत. उतार दोन्हींचा सारखाच, २ अंश. आयएसओचं टोक तेवढं जरा बारीक. बाहेरून पाहून सराईत मेकॅनिकलाही सहज ओळखता येणार नाही, इतकंच.

जोडी चुकली तर काय होतं? आयएसओ क्रँकचं भोक बारीक असतं. तो जेआयएस एक्सलवर लवकर अडकतो आणि अपेक्षित जागेपेक्षा सुमारे ४.५ मिलिमीटर बाहेर राहतो. उलट जेआयएस क्रँक आयएसओ एक्सलवर तितकाच जास्त आत जातो. ही दुसरी चूक अधिक वाईट. क्रँक पुरता घट्ट होण्याआधीच बोल्ट एक्सलच्या तोंडाला टेकू शकतो. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, क्रँक मात्र आतून ढिला असतो आणि प्रत्येक पेडलागणिक भोक कुरतडत राहतो. अॅल्युमिनियमचं भोक एकदा गोलसर झालं, की तो क्रँक भंगारातच जातो.

जोडी बरोबर असली तरी काळ आपला हिस्सा घेतोच. क्रँक दर वेळी काढून पुन्हा पिळला की मऊ धातूचं भोक थोडं मोठं होतं आणि क्रँक आधीपेक्षा किंचित आत बसतो. म्हणून जुन्या बाजारातून आणलेला क्रँक आणि तोच नवाकोरा क्रँक, एकाच एक्सलवर एकाच जागी बसतील याची खात्री नसते.

त्यात देशोदेशींच्या आट्यांची भर. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेमचं नळकांडं ६८ मिलिमीटर रुंद, आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४. इटालियन ७० मिलिमीटर रुंद, आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे. नॉटिंगहॅमच्या रॅलीने तर आपल्या कित्येक सायकलींना इंचाला २६ आट्यांचा घरचाच माप-नियम लावला होता. इंग्लिश पद्धतीत बीबीला नळकांड्यात धरून ठेवणाऱ्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की आवळला जातो. याला कारण आहे. पेडल मारताना एक्सल ज्या दिशेला फिरतो, त्याच्या विरुद्ध दिशेला कप हळूहळू सरकू पाहतो. उलटे आटे असले तर ही सरक कपाला आणखी घट्ट करते. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे आटे सरळ, त्यामुळे तिथला उजवा कप दणकून आवळावा लागतो, नाहीतर सुटतो.

या जंजाळात साध्या सायकलवाल्याचा हात धरला तो शेल्डन ब्राउन या अमेरिकी मेकॅनिकने. १९४४ मध्ये जन्मलेला हा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट न्यूटन गावातल्या हॅरिस सायक्लरी या दुकानात काम करायचा. कुठल्या कंपनीच्या कुठल्या क्रँकला किती लांबीचा एक्सल लागतो, कोणतं प्रमाण लागतं, याची जंत्री त्याने जमवून सर्वांसाठी खुली केली. त्याच्या आधी ही माहिती कंपन्यांच्या पत्रकांत आणि जुन्या मेकॅनिकांच्या डोक्यात विखुरलेली होती. २००८ च्या फेब्रुवारीत तो गेला. साडेचार मिलिमीटरचा आकडा आज जगभरच्या सायकल दुकानांत तोंडपाठ आहे, त्याचं बरंचसं श्रेय त्याला जातं.

जंत्री हाताशी नसली तरी मोजता येतं. फ्रेमच्या सीटखालच्या उभ्या नळीपासून चेनव्हीलच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवायचा. स्टीलच्या पुष्कळ फ्रेममध्ये ही नळी २८.६ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १४.३ मिळवायचे. मागे चाकाच्या हबवरच्या दोन बाहेरच्या नटांमधलं अंतर निम्मं करायचं आणि त्यातून नट ते चक्रीचा मध्य हे अंतर वजा करायचं. ट्रॅकच्या हबला हे अंतर १२० असतं. त्याचं निम्मं ६०. चक्री नटापासून १८ मिलिमीटर आत. उत्तर ४२.

आता समजा, पुढे ४५ आले आणि मागे ४२. चेनव्हील ३ मिलिमीटर आत आणायचं आहे. एक्सल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर लांबीतल्या फरकाचा निम्मा वाटा उजवीकडे येतो. म्हणून ११३ चा एक्सल काढून १०७ चा घ्यायचा. डावा क्रँकही तेवढाच आत येणार, हे धरून चालायचं आणि चेनव्हील मागच्या नळीला घासत नाही ना, हे बसवण्याआधी पाहायचं. दोन चेनव्हीलचा जुना क्रँक एकेरी सायकलीला वापरणारे बरेच जण याहून स्वस्त युक्ती करतात. बाहेरच्या जागेवरचं चेनव्हील काढून आतल्या जागेवर लावतात. दोन जागांमध्ये सात-आठ मिलिमीटरचं अंतर असल्यामुळे चेन ४२ च्या आसपास येऊन बसते.

एवढी उठाठेव कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. तिरप्या चेनमुळे पायाची ताकद वाया जाते, हे उत्तर सर्रास दिलं जातं. पण ते पूर्ण खरं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत चेन फिरवून, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तिची उष्णता तपासली. चेनची कार्यक्षमता ८१ टक्क्यांपासून थेट ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली. मुख्य फरक पडत होता तो चेनमधल्या ताणामुळे आणि दातेरी चाकांच्या आकारामुळे. सरळ रेषेचा खरा फायदा दुसरीकडे आहे: दाते आणि चेनच्या बाजूच्या पट्ट्या एकमेकांना खात नाहीत, खरखर थांबते आणि चेन जागेवर राहते. फिक्स्ड गिअरच्या सायकलीत तर हा जिवाचा प्रश्न होतो. तिथे पेडल थांबवता येत नाही. वेगात चेन उतरून अडकली तर मागचं चाक जाम होतं.

डिरेलर असलेल्या सायकलीत पूर्ण सरळ रेषा फक्त एखाद्या गिअरलाच मिळते. चेन बाजूला सरकवणं हेच तर त्या यंत्राचं काम. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला १९३७ मध्ये परवानगी मिळाली आणि चेनलाइन ही मधल्या मार्गाची तडजोड बनली. आताच्या माउंटन बाइकला पुढे एकच चेनव्हील आणि मागे बारा चक्र्या, त्यातली सर्वांत मोठी पन्नासहून अधिक दात्यांची. तिच्यावर चेन नेली की ती चांगलीच तिरपी जाते. ती पडू नये म्हणून स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक जाड, एक बारीक अशा दात्यांचं चेनव्हील बाजारात आणलं. मागचा हब १४२ वरून १४८ मिलिमीटर झाला, तेव्हा चेनलाइनही ३ मिलिमीटरने बाहेर सरकून ५२ वर गेली.

चौकोनी एक्सलही मागे पडत चालला आहे. शिमानोच्या नव्या पद्धतीत २४ मिलिमीटर जाडीचा पोकळ एक्सल उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला येतो. पाचर नाही, त्यामुळे जेआयएस-आयएसओचा वादही नाही. तरी मोजमाप सुटलेलं नाही. माउंटन बाइकच्या ७३ मिलिमीटरच्या नळकांड्याला उजवीकडे अडीच मिलिमीटरची एक चकती लागते. ६८ च्या नळकांड्याला तशा तीन. दोन उजवीकडे, एक डावीकडे. दोन्हीकडची बेरीज ७५.५ च येते. चकत्यांची बाजू चुकली की चेनलाइन पुन्हा अडीच मिलिमीटरने घसरते.

चौकोनी एक्सलच्या लाखो सायकली मात्र अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांनी बीबी बदलताना एवढं जरूर करावं: जुनी बीबी भंगारात टाकण्याआधी पुसून तिच्यावर छापलेली नळकांड्याची रुंदी, आट्यांचं माप आणि एक्सलची लांबी कागदावर लिहून घ्यावी आणि क्रँकची कंपनी व मॉडेल त्याखाली लिहून तो कागद घेऊनच दुकानात जावं.